पेटी उघडण्याआधी

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी एक म्हातारे जादूगार राहायचे, मूळचे धुळ्याकडचे. माणूस गायब करायची पेटी त्यांनी स्वतः रंधा मारून बनवली होती. जत्रेतल्या तंबूत त्या पेटीत बायकोला उभं करायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी कपाट असो की पिठाचा डबा, उघडण्याआधी ते दोनदा टकटक करून थांबायचे.

"नाना, डब्यात कोण आहे?" मी एकदा हसत विचारलं.

"मझारना मानूसले सावराले येळ देनं पडस," ते म्हणाले. आतल्या माणसाला सावरायला वेळ द्यावा लागतो. ते हसले नाहीत.

घर सोडून मुलाकडे जायचं ठरलं तेव्हा त्यांनी पेटी विकली. ती न्यायला हातगाडीवाला आला. नानांनी दोनदा टकटक केली, थांबले आणि दार उघडलं. पेटी रिकामी होती. कुणाला उतरवून घ्यावं तसा त्यांनी हात पुढे केला.

"हळू, पायरी शे."

मग ते माझ्याकडे बघत राहिले. मी उंबऱ्यात उभा होतो. मी अंग चोरून बाजूला झालो.

माझ्यामागे उभ्या हातगाडीवाल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तोही सरकला.