काटेवालीचे दोनशे ग्रॅम

आमच्या पोषण केंद्रात मुलांची वजनं करणाऱ्या बाईला सगळी वस्ती काटेवाली म्हणायची. बावीस वर्षं तिनं पोरं तोलली. छताच्या हुकाला तराजू, त्याला कापडाची झोळी, झोळीत भोकाड पसरलेलं पोर आणि काट्याला नाक लावून उभी ती. मी तिथली स्वयंपाकीण. तिला मोबाइलवर लिहिता येत नव्हतं, त्यामुळे पुढचा सगळा घोळ माझ्या बोटांनी झाला. ते आधीच सांगून टाकते.

नियम असा की दोन वर्षांचं पोर नऊ किलोंच्या खाली असेल, तर घरी दर आठवड्याला पीठ, तेल आणि अंडी. काटा नऊच्या वर गेला की नाव कट. कागदावर झकास. पण नाव कटलेलं पोर तीन महिन्यांत पुन्हा हाडांवर यायचं. काटेवालीनं हे चाळीसदा तरी पाहिलं असेल. मग तिनं स्वतःचाच नियम काढला. पोर रेषेच्या वर चढलं की पुढचे तीन महिने वहीत दोनशे ग्रॅम कमी लिहायचे. त्या वर्षी ते दोनशे ग्रॅम इस्त्रीवाल्या बाईच्या मुलीच्या नावावर चालू होते. पोर नुकतीच कुठे पळायला लागली होती.

अशात वरच्या कार्यालयानं ऑनलाइन मंच काढला. आहाराचं धोरण सुधारायचंय, प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपले अनुभव मोकळेपणानं लिहावेत, कुणावरही कारवाई होणार नाही. काटेवाली हरखली. बावीस वर्षांत तिच्याकडे सगळ्यांनी आकडे मागितले होते, मत कुणी विचारलं नव्हतं.

"लिही," ती म्हणाली. "नऊच्या वर गेल्यावरही तीन महिने खाणं चालू ठेवा. आणि मला हे कशावरून कळलं, तेही लिही."

"ताई, दोनशे ग्रॅमचं राहू दे ना."

"का? पुराव्याशिवाय माझं कोण ऐकणार?"

मी लिहिलं. तेव्हा माझी बोटं झडली असती तर बरं झालं असतं.

मंचावर कौतुकाचा पाऊस पडला. कुठल्या कुठल्या देशांतले तज्ज्ञ वा वा करून गेले. तिला महिन्यातल्या उत्तम अनुभवाचं प्रमाणपत्र आलं. तिनं ते छापून आणलं आणि तराजूच्या मागच्या भिंतीवर पिठाच्या खळीनं चिकटवलं.

महिनाभरातच चर्चेचा सारांश आला. सव्वीस पानं. जास्तीच्या तीन महिन्यांबद्दल एक ओळ नव्हती. चौदाव्या पानावर मात्र होतं, स्थानिक नोंदींत वजन कमी दाखवलं जातं, सबब डिजिटल काटे बसवावेत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कारवाई कुणावरही झाली नाही, शब्दाला पक्के लोक.

नवा काटा आला. पोर ठेवलं की आकडा आपोआप वरच्या कार्यालयात जातो, पेन लागतच नाही. पहिल्याच दिवशी अकरा नावं कटली. इस्त्रीवालीची मुलगी नऊ किलो एकशे चाळीस भरली. काटेवालीनं प्रमाणपत्र नखानं खरवडलं, पण खळ चांगली शिजवली होती, ते अर्धंच निघालं.

पुढच्या आठवड्यात इस्त्रीवाली मुलीला घेऊन पुन्हा आली. पोर रडत नव्हती, आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. मला राहवलं नाही, मी तिच्या मुठीत बिस्किट दिलं. आईनं तिला काट्यावर ठेवलं. नऊ किलो साठ.

"परवापासून काही दिलं नाही हो हिला," आई म्हणाली. "नाव लागलं तर घरातले तिघंही खातील."

मला त्या आईचा राग आला नाही. राग आला तो त्या सव्वीस पानांचा, आणि स्वतःचा.

"किती राहिले, ताई?" आईनं काटेवालीला विचारलं.

"साठ ग्रॅम," काटेवाली म्हणाली. खोटा आकडा सांगायची सोयच उरली नव्हती.

"मग उद्या आणते," असं म्हणून आईनं पोरीला उचललं, तिची मूठ उघडली आणि बिस्किट काढून माझ्या हातात परत दिलं.