नावापुढचा दोन

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका कॉलेजात मी हंगामी लॅब असिस्टंट होतो. लॅबमधली लिनक्सची सगळी मशिनं मीच उभी केली होती आणि तिथे कायमची एक जागा निघणार होती. ती मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. इतका मूर्ख मी पुन्हा कधी झालो नाही.

तोवर दर मशिनवर वेगळं लॉगिन लागे. मी सगळ्यांची नावं सर्व्हरवरच्या एकाच यादीत आणली. कुठेही बसा, तेच नाव, तोच पासवर्ड. लॉगिन म्हणजे आद्याक्षर आणि आडनाव. पण आमच्याकडे निम्मं गाव एकाच आडनावाचं. त्याच महिन्यात संस्थाचालकांचा भाचा माझ्या जोडीला आला आणि त्याचंही आद्याक्षर, आडनाव माझंच निघालं. एकाच्या नावापुढे दोनचा आकडा लावणं भाग होतं. "मी काय दोन नंबरचा माणूस वाटलो का?" तो हसत म्हणाला. मीही हसलो आणि दोन स्वतःला लावून घेतला. मोठेपणा दाखवायची खाज, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर अडकला. मी नेहमीची कमांड दिली, तर मशीन म्हणालं, परवानगीच्या फायलीत तुमचं नाव नाही, हा प्रकार वर कळवला जाईल. पासवर्ड पुन्हा दिला, मशीन बदलून पाहिलं, दिवसभर तेच. संध्याकाळी डोक्यात उजेड पडला. यादीतलं नाव मी बदललं, पण परवानगीची फाईल जुनीच राहिली. तिच्यात बिनआकड्याचं नाव होतं, म्हणजे माझे सगळे अधिकार आता भाच्याचे. मशीन बंद करून, पुन्हा चालू होताना पासवर्डाशिवाय मागच्या दाराने आत शिरता आलं असतं, पण स्वतःच्याच लॅबमध्ये चोरासारखं कशाला शिरायचं?

"परवानगीच्या फायलीत एक ओळ बदल," मी भाच्याला म्हणालो; ते आता त्यालाच जमणार होतं.

"सरांना विचारून सांगतो, भाऊ."

विभागप्रमुख म्हणाले, "असू द्या. त्यालाही शिकू द्या."

मशिनच्या त्या तक्रारी बिनआकड्याच्या नावालाच, म्हणजे भाच्यालाच, जात होत्या. मुलाखतीला गेलो तेव्हा विभागप्रमुखांच्या पुढ्यात त्या तक्रारींचे छापील कागद होते. "अधिकार नसताना इतक्यांदा प्रयत्न केलात?" मी सगळं समजावून सांगितलं. भाच्याला एका शब्दात खुलासा करता आला असता, पण तो आपल्या मुलाखतीची वाट बघत बाहेर बाकावर पेपर वाचत बसला होता. त्याचा मला आजही राग आहे.

निकालाच्या दिवशी माझे वडील, आबा, गावाहून, नरडाण्याहून, पॅसेंजरने आले. मी पोचेपर्यंत ते नोटीसबोर्डापुढे उभे होते, डोळे भरलेले, बोट यादीतल्या सगळ्यात वरच्या आद्याक्षर-आडनावावर.

"तुनं नाव शे, बठ्ठास्ना वर."

"ते मनं नई, आबा. दुसरानं शे."

त्यांनी पुन्हा एकदा नीट वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंग तुनं कोठे शे?"