फेअर दिसायचा फोटो

ऐंशीच्या दशकात मी लॉस एंजेलिसला केमिस्ट्रीत पीएचडी करत होते आणि एका निवृत्त कॅमेरामनच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्यांनी चाळीस वर्षं हॉलिवूडच्या नट्यांचे चेहरे उजळले होते. मी त्यांना आजोबा म्हणायचे. अर्थ कळल्यापासून ते त्या हाकेला जास्तच तत्परतेने ओ द्यायचे. एकूण मी तिथे मजेत होते.

एकदा पुण्याहून आईचं पत्र आलं. "तुझं लग्नाचं वय उलटून चाललंय. स्थळांना द्यायला फोटो पाठव. उजळ येईल असं बघ." मी काळी आहे. सावळी हा नातेवाइकांचा चांगुलपणा. आधीच्या दोन स्थळांनी तर फोटो बघून, पत्रिका मागवण्याआधीच, ती जुळत नसल्याचं कळवलं होतं. तिसऱ्यांदा नकार आला असता तर आईने अंथरूण धरलं असतं.

रविवारी सकाळी आजोबांना म्हटलं, "माझा फोटो काढाल? मला फेअर दिसायचंय."

फेअर म्हणजे गोरं, हा आपला अर्थ. त्यांना वाटलं, मी न्याय मागतेय. "फोटो फेअरच असतो, लबाडी लाइट करतो," ते म्हणाले. मग मी लाजत खुलासा केला.

ते म्हणाले, "जमेल. जन्मभर तेच केलं." कॅमेऱ्यात फिल्म भरण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. पुढे स्वतः कॅमेरामन झाल्यावर नट्यांचं वय लपवायला भिंगावर रेशमी मोजा ताणायचे, सुरकुत्या बुजवायला समोरून भरपूर लाइट द्यायचे. त्यामुळे नट्या त्यांच्यासाठी हटून बसायच्या. "एकीच्या छोट्या मुलीने आईचा फोटो बघून विचारलं, ही बाई कोण? त्या दिवशी मला माझ्या कामाची लाज वाटली."

त्यांनी दोन फोटो काढले. पहिला आईने मागितला तसा. त्यात मी पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसत होते. दुसऱ्यासाठी मला खिडकीपाशी बसवलं, खुर्चीवर पांढरी चादर टाकून उजेड गालावर वळवला आणि माझ्या संशोधनाबद्दल विचारलं. मी बोलत राहिले. त्या फोटोत मी चांगली काळी आले होते आणि मला मी आवडले.

चार दिवस दोन्ही फोटो टेबलावर पडून होते. शेवटी दुसरा पाकिटात घातला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आईने लिहिलं होतं, "फोटो मिळाला. अगदी समोर येऊन बसल्यासारखी दिसतेस. स्थळांना द्यायला हात धजेना, त्यांनी परत केला नाही तर? हा मी ठेवून घेतला. त्यांच्यासाठी दुसरा पाठव, कसाही चालेल."