तळं आटलं त्या वर्षीचा दहावा

तापलेल्या टिपाडात पाणी पडल्याचा वास आला की आईचा दहावा आठवतो. त्या दुष्काळात आमच्या नव्या सोसायटीशेजारचं तळं पार आटलं होतं आणि पिंडदानानंतरच्या अंघोळीलाही घरात पाणी नव्हतं. बादली घेऊन मी टँकरच्या रांगेत शेवटी उभा राहिलो. पाण्यावरून आईशी रोज भांडणारी शेजारीण पुढून ओरडली, “दहावा हाय नं आज? मग तिथं मागं काहून उभा ऱ्हायलास?” तिनं मला पुढं ओढलं आणि आपली भरलेली घागर माझ्या बादलीत रिकामी केली. “काकू, तुम्हाला?” “ऱ्हाऊ दे. भांडायला तरी कोण ऱ्हायलं आता मला!” म्हणत ती रांगेच्या शेवटी, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिली. आता तळं भरलंय, वस्ती त्याच्याभोवती वाढलीय. नळाला पाणी आलं की मी आधी काकूंना हाक मारतो.