माझ्या हातावरचा नारळ

नारळ उभा राहायच्या आधी तळहाताला कळतं. बोटांकडची बाजू हलकी होत जाते, सगळं वजन मनगटाशी येतं, आणि मग शेंडी सावकाश वर उठते, दुपारी झोपलेलं माणूस हाक ऐकून उठून बसतं तशी. नुकतं उजाडलेलं असायचं, पायाखाली गार ढेकळं आणि शेजारी आप्पा. आजही रिकामा हात पुढं केला तरी मला ते वजन आठवतं.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं असं आमच्याकडं मानतात. त्यानं आडवा नारळ हातावर घेऊन अनवाणी रानातून चालायचं. पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून आभाळ गडगडलं की आई मला अजून दंडाला धरून घरात ओढते. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं भीती घातली, असा सगळा मामला.

आमचं रान यवतच्या पलीकडं, डोंगराच्या बाजूला. कॅनॉलचं पाणी खालीच वळतं, आमच्यापर्यंत येत नाही. शेवंती, झेंडू आणि मधेमधे कांदा, सगळी मदार बोअरवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, बोलण्याच्या बाबतीत फार कंजूष. "जेवली का" आणि "मोटार बंद कर" एवढ्यावर त्यांचा अख्खा आठवडा निघतो. पण बोअरची जागा बघायची असली की पहाटे स्वतः नारळ सोलून, शेंडी नीट ठेवून माझ्या हातावर द्यायचे. मी ढेकळात अडखळू नये म्हणून माझं कोपर धरायचे आणि "सावकाश, बाय, सावकाश" म्हणत बरोबर चालायचे. जगात मला 'बाय' म्हणणारा तो एकच आवाज, आणि तोही नारळ हातावर असेपर्यंतच. नारळ उभा राहिला की त्यांचा चेहरा असा खुलायचा की मला वाटायचं, पाणी लागलं नाही तरी चालेल.

आणि एकदा लागलंच नाही. बांधाच्या कडेच्या बोअरमधून नुसता पांढरा फुफाटा उडाला, आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. मी रडवेली झाले. आप्पा म्हणाले, "पानी हुतं. खाली सरकलं." विषय संपला. घराजवळच्या बोअरला मात्र चांगलं पाणी लागलं, तेव्हा आल्यागेल्याला चहा पाजून सांगितलं, "माझ्या लेकीचा हात हाय." लागलं तर माझा हात, नाही लागलं तर पाणीच लबाड. यात काही चुकतंय हे मला कधी सुचलं नाही. सुचेल तरी कसं, मी त्या वाक्यात राहायला होते.

पुढं बी.एड.ला शिरूरला प्रवेश घेतला. चौफुल्याला बस बदलायची, मग भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्यावरून शिरूर. पुलावर मी हटकून खिडकीशी असायचे. जलपर्णीनं नदी अशी झाकलेली असायची की हिरवं कुरणच पसरलंय वाटावं. खाली पाणी आहे, हे आपण मानून चालायचं. मला त्या पुलावर दरवेळी गुंगी यायची, झोप नव्हे, पण जागंही म्हणता यायचं नाही.

एका सोमवारी आमच्या मॅडमनी आम्हाला सादरीकरण करायला दिलं. आपल्याला जे ठाऊक आहे ते ठाऊक कसं झालं, आणि त्याला प्रश्न कसा विचारायचा. दोघींनी मिळून करायचं. "उदाहरण पुस्तकातलं नको, घरातलं आणा," असं त्यांनी बजावलं. वर्गानं मान डोलावली आणि मनातल्या मनात पुस्तकातलीच उदाहरणं शोधायला घेतली.

माझी जोडीदारीण सणसवाडीची. आईवडील बिहारहून कंपनीत कामाला आलेले, ही इथंच जन्मली. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, पण घाई झाली की हिंदीवर घसरायची. तिचे वडील कंपनीत तयार झालेले सुटे भाग तपासायचे. तिथली एक रीत तिनं मला सांगितली होती: एकानं माप घेतलं की दुसरा तेच पुन्हा घेतो, पण पहिल्याचा आकडा त्याला दाखवत नाहीत. दाखवला तर त्याचंही माप नेमकं तेवढंच येतं. मुद्दाम नव्हे, डोळा आपोआप तिकडं झुकतो.

कँटीनमध्ये मी गंमत म्हणून नारळाची गोष्ट सांगितली. तिनं हातातला वडापाव खाली ठेवला.

"चालताना तुझे डोळे उघडे असतात?"

"मग काय मिटून चालू? काट्याकुट्यांचं रान आहे."

"पाणी तर डोळ्यांनी दिसत नाही ना? मग डोळे बांधू. आपला विषय ठरला."

मी हसले, पण परतीच्या बसमध्ये हसू मावळलं. पुढच्याच आठवड्यात आमच्याकडं बोअरची गाडी येणार होती. वरच्या तुकड्यात, कडुनिंबाच्या थोडं अलीकडं माझ्या हातावर नारळ उभा राहिला होता आणि आप्पांनी तिथं चुना लावलेला दगड रोवला होता. माझा हात खोटा ठरला तर तो दगडही खोटा. आणि मग आप्पांनी माझं कोपर कशासाठी धरायचं? खरं सांगायचं तर दगडापेक्षा मला ह्या दुसऱ्या गोष्टीची धास्ती जास्त होती. मी घाबरले होते. आपल्याजवळची एकुलती एक जादू कुणी उजेडात धरून बघावी असं कुणाला वाटेल?

रविवारी ती आली. आप्पा फुलं घेऊन पुण्याला मार्केटला गेले होते. थंडीचे दिवस, धुकं अजून कडुनिंबाच्या बुंध्याशी रेंगाळत होतं, आणि शेवंती काढून मोकळं झालेलं रान त्या धुक्यात रोजच्यापेक्षा मोठं वाटत होतं. तिनं ओढणीनं माझे डोळे बांधले, दोन गिरक्या घालायला लावल्या आणि म्हणाली, "चल."

डोळ्यांपुढं लालसर अंधार. पायांना जमीन कुठं गार, कुठं भुसभुशीत लागत होती. लांब कुठंतरी हायवेची घरघर. मी तरंगत होते जणू. आणि नारळ उभा राहिला! तीच हलकी होत गेलेली बोटं, मनगटाशी आलेलं तेच वजन. माझा जीव भांड्यात पडला. तिनं त्या जागी झेंडूचं फूल ठेवलं, मला दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पुन्हा सोडलं. पुन्हा उभा राहिला. पुन्हा फूल. असं किती वेळा केलं कोण जाणे, मला तर ते संपूच नये असं वाटत होतं.

ओढणी सोडली तेव्हा रानभर झेंडू विखुरलेले. वाटेवर एक, बांधावर एक, त्या फुफाट्याच्या बोअरशेजारी एक, आणि एक तर टँकरनं भरलेल्या टाकीला खेटून. तेवढं एक बरोबर आलं म्हणायचं. चुन्याच्या दगडापाशी एकही नव्हतं.

मी बांधावर बसले. हात खोटं बोलला असता तर सोसलं असतं. पण प्रत्येक वेळी तो तितक्याच खरेपणानं हलका झाला होता, हे मला सहन होईना. ती शेजारी बसली. ओढणीची घडी घालत राहिली.

एवढ्यात आप्पा आले. टेम्पोतून उतरून त्यांनी रानावर नजर टाकली.

"एवढं पानी हाय व्हय आपल्या रानात? मग बोअर कशाला, तळंच खांदू की."

मी सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग चप्पल काढून ठेवली आणि म्हणाले, "माझ्यासंगं चाल. बांध डोळं."

कोपराला ओळखीची पकड आली. "सावकाश, बाय." झेंडूची फुलं पायाखाली येत गेली, नारळ गप्प पडून राहिला. किती चाललो ते कळलं नाही. आणि एका जागी तो उभा राहिला, इतका ताठ की मला हुंदकाच आला. ओढणी काढली. चुन्याचा दगड माझ्या पायाशी होता.

"बघा!" आप्पा माझ्या मैत्रिणीला म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी तसाच खुलला होता.

ती मान तिरकी करून आमच्याकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "मामा, रागावू नका. पर अब आपकी भी आँखें बाँधते हैं."

मला वाटलं, आप्पा आता तिला चहा न देता बसमध्ये बसवतात. पण त्यांनी डोक्याचा टॉवेल काढला, स्वतःच घडी घातली आणि डोळ्यांवर घट्ट बांधला.

माझ्या डोळ्यांवर पुन्हा ओढणी आली आणि आम्ही दोघं निघालो. आम्ही जुन्या कोरड्या विहिरीकडं जाऊ नये एवढंच ती बघत होती. आप्पांचा हात माझ्या कोपरावर होता, पण आता कोण कुणाला धरून चाललंय ते समजत नव्हतं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. लहानपणापासून इतकी त्यांच्याबरोबर चालले, पण त्यांचा श्वास कधी ऐकला नव्हता. ते अडखळले की मी सावरायचे. चालत राहिलो, वळलो, परत वळलो. नारळ हातावर आडवा, निवांत. शेवटी बांधाला जाऊन धडकलो आणि दोघंही खाली बसलो. नारळ घरंगळत गेला.

आप्पांनी टॉवेल सोडला. दगड पार मागं राहिला होता. ते तिकडं वळले.

"म्हंजी आजपातूर जागा मीच दावत हुतो?"

"तुम्ही कोपर धरलं की माझा हात तुमचीच वाट बघायचा. तुम्ही जिथं हळू व्हायचा, तिथं तो हलायचा आप्पा. मला कळायचं न्हाई, तुम्हालाबी कळायचं न्हाई."

"आन् ती फुफाट्याची?"

मी बांधाकडच्या त्या बोअरकडं पाहिलं. ते म्हणाले, "ती मग माझीच चूक." आणि उठून मोटार बघायला गेले. नारळ तसाच पडून होता. मी तो उचलून घरात नेला, आईनं संध्याकाळी त्याची चटणी केली.

बुधवारी वर्गात आम्ही उभ्या राहिलो. मी पायाळूपणाचं सांगितलं, तिनं कंपनीतल्या मापांचं आणि ओढणीचं. फळ्यावर रान काढून तिनं फुलांच्या जागा दाखवल्या. मुली हसल्या, मग पुढं वाकून बघू लागल्या. मॅडमनी विचारलं, "म्हणजे हे ज्ञान नव्हतंच, असं म्हणायचं का?"

मी लिहून नेलेलं उत्तर 'हो' असं होतं. पण तोंडून निघालं, "नारळाला पाणी कळत नव्हतं मॅडम. मला आप्पा कळत होते." मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं आणि पुढच्या जोडीला बोलावलं. परतताना पुलावर मी रडले. जलपर्णी तशीच हिरवीगार पसरली होती. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण घरातलं कुणीतरी गावाला निघून गेल्यासारखं वाटत होतं.

बोअरची गाडी आली त्या दिवशी आप्पांनी मला कॉलेजला जाऊ दिलं नाही. ड्रायव्हर विचारत होता, "काका, पॉइंट किधर है?" दगड कुणीतरी उपटून बांधावर ठेवला होता. आप्पा रानाच्या मधोमध उभे. दोनदा कडुनिंबाकडं गेले, दोनदा परत आले. त्यांना इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. इतकी वर्षं ही भीती माझ्या हातावर ठेवून ते निर्धास्त चालत होते, हे मला तेव्हा कळलं.

मी चप्पल काढली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"नारळ आणला न्हाई," ते म्हणाले.

"नको."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग नेहमीसारखं माझं कोपर धरलं.

"सावकाश, बाय," ते म्हणाले, आणि आम्ही रिकाम्या हातांनी चालायला लागलो.