इंकांच्या भिंतीतली भोकं

"पाण्याच्या वाटा का बुजवल्यास?" मारिसोलबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, तेव्हा डेमोला एक दिवस उरला होता.

मारिसोलबाई पेरूमधल्या गाइड. कोविडमुळे पर्यटक बंद, म्हणून दोन दिवस डोंगर चढून त्यांनी आडबाजूच्या इंका अवशेषांचे हजारो फोटो काढून पाठवले होते. ते जोडून कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करायचं, म्हणजे इथल्या एका डच म्युझियमला लोकांना घरबसल्या सहल घडवता येईल, हे माझं काम. नीउ-व्हेनेप नावाच्या डच गावात, समुद्रसपाटीच्याही खाली, डायनिंग टेबलाशी बसून मी उंच डोंगरांचा एक्स्पर्ट झालो होतो.

फोटो कमी पडले की मॉडेलमध्ये भोकं राहतात. ती बुजवायला सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. मी ते दाबलं. भिंती कशा गुळगुळीत झाल्या! चार रिव्ह्यू झाले. पाण्याचा निचरा करून ज्यांनी देश उभा केला, त्या ऑफिसातल्या डच मंडळींनी चारही वेळा "प्राख्तिख! सुंदर!" म्हणून माना डोलावल्या.

"त्या भोकांतून पाणी जातं, म्हणून भिंत उभी आहे," बाई म्हणाल्या. "मी गुडघे टेकून एकेकाचा फोटो काढला होता."

मला खरोखर लाज वाटली. बॉसला, यरूनला फोन केला. "चार दिवस दे, सगळी उघडतो."

"क्लायंट भोकं मोजणार आहे का? डेमो उद्याच." वर त्याने प्रेमाने आठवण करून दिली की माझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. व्हिसाच्या नियमाने नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळून पुणे. आणि लॉकडाऊनमध्ये नोकऱ्या तर काय, पैशाला पासरी!

डेमोत म्युझियमच्या बाई खूश. "एवढी अखंड भिंत! कमाल आहे."

मला राहवेना. अनम्यूट केलं. "अखंड नाही. पाणी जायला भोकं होती. ती मी बुजवली. चूक माझी."

मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या.

"पुन्हा उघडायला किती वेळ लागेल?" म्युझियमच्या बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत यरून म्हणाला, "सहा महिने. फार स्पेशलाइज्ड काम आहे."

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. चौथ्या दिवशी शेवटचं भोक उघडलं आणि मारिसोलबाईंनी भिंत पास केली.

खरं बोललं की नोकरी वाचते, असं मी हल्ली ज्युनिअर्सना सांगतो. उरलेले पावणेसहा महिने मी काय केलं, ते मात्र विचारू देत नाही.