कानंदीतल्या दगडाला लावलेला कौल

असे किस्से कोणी जपून ठेवत नाही. कानंदीचा पूर ओसरल्यावर काठच्या झुडपांना चिंध्या अडकलेल्या दिसतात, तसे ते आपोआप अडकून राहतात. माझ्याकडचे बरेचसे पुण्याच्या एका प्रोफेसरांचे आहेत.

तेव्हा मी नदीकाठच्या पासली गावात तिशीचा गडी होतो. प्रोफेसर नसरापूरपर्यंत मोटारीने आणि पुढे माझ्या बैलगाडीने यायचे. नदीतल्या वनस्पतींची यादी करायची होती. त्यातली एक मिळत नव्हती. ती वाहत्या पाण्यात दगडाला शेवाळासारखी चिकटते आणि पाणी उतरताना चारच दिवस फुलते. दोन वर्षं ती हुकली होती. या खेपेला हुकली तर दुसऱ्या कॉलेजातले प्रोफेसर आपली यादी आधी छापणार होते. त्यामुळे साहेबांना धड झोप नव्हती.

•

पहिल्याच दिवशी साहेबांनी साळूआत्याला एक रोप दाखवलं. आत्याचा जन्म नदीवर धुणं धुण्यात गेलेला.

"याचं नाव काय?"

"गवात."

"आणि याचं?"

"ह्ये बी गवातच."

"एवढं वय झालं, नाव माहीत नाही?"

"तुमास्नी ठावं हाय?"

"नाही. म्हणून तर विचारतोय."

"मग आपुन सारकंच की," आत्या म्हणाली आणि धुणं पिळायला लागली.

•

रोपं कागदात घालून दाबायला वजन हवं होतं. साहेबांनी आमच्या जात्याची वरची दगडी तळीच उचलून नेली. दळण बंद, भाकरी बंद. तीन दिवस आम्ही नुसता भात खाल्ला.

साहेबांनी वहीत लिहिलं, 'येथील लोक भाकरी खात नाहीत.'

बायको म्हणाली, "तळी दिली तर खातील, म्हनावं."

•

एकदा शेवाळावरून पाय घसरून साहेब धारेला लागले. मी हात पुढे केला, तर ओरडले, "आधी वही!"

मी वही धरली. साहेब पुढच्या वळणावर सापडले. वहीला काही झालं नाही.

•

आणि मग ती वनस्पती सापडली. धारेतल्या एका दगडावर होती, कळ्या धरलेली. बायकांनी त्यावर धुणं आपटू नये म्हणून साहेबांनी मला दगडाच्या माथ्यावर तांबड्या रंगाची खूण करायला सांगितली. मी जरा सढळ हाताने केली. फुलं उमलली की येतो, म्हणून साहेब पुण्याला गेले.

आठ दिवसांनी आले, तर दगडाला शेंदूर, पुढे नारळ, अंगावर हार. हाराखाली ती वनस्पती छान फुललेली. साहेबांनी चाकू काढला.

"देवाच्या अंगाला चाकू लावता व्हय?" साळूआत्या आडवी आली.

"अहो, हा देव नाही. ती खूण मीच करायला सांगितली."

"म्हंजी तुमीच बशिवला. मग त्यालाच इचारा की."

मागे बायका उभ्या. संध्याकाळी नसरापूरला मोटार गाठायची. फुलं उद्या गळणार. साहेब मुकाट्याने गुडघाभर पाण्यात उतरले. आत्याने कौलासाठी दगडाच्या दोन्ही अंगांना एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

साहेबांनी टोपी नीट केली. हात जोडले.

डावं पडलं.

साहेब हळूच म्हणाले, "आत्याबाई, पुन्हा एकदा लावा. वारा होता."